अंधारात आधी काय लागलं?

१

कांताने हायपोच्या ताटातून फिल्म उचलली, खिडकीवरची गोधडी ओढून काढली आणि दुपारच्या उजेडात फिल्म डोळ्यांसमोर धरली. फिल्म कोरी होती.

कोरी म्हणजे अगदी आरपार. समोरच्या चाळीची गॅलरी, दोरीवरची धुणी, भांडी घासणारी बाई, सगळं तिच्यातून स्वच्छ दिसत होतं. आठ फोटोंपैकी मात्र एकही नव्हता. कांताने फिल्म उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

उद्या अकरा वाजता गणपतचा खटला उभा राहणार होता. गणपत तिचा नवरा. गिरणीत विणकर, आणि अक्षर असं की मराठी राज्यासाठी लढणाऱ्या समितीच्या बातमीफळ्यावर त्यालाच लिहायला बसवत. जानेवारीत मुंबई पेटली त्या आठवड्यात लालबागच्या एका धान्याच्या वखारीला आग लागली आणि आतला चौकीदार जळून मेला. आग पावणेचारला लागली, याबद्दल वाद नव्हता. ती गणपतने लावली, असं एका माणसाने शपथेवर सांगितलं होतं. आणि चार वाजता गणपत तिकडे दादरला, शिवाजी पार्काच्या कोपऱ्यावर, फळ्यावर हीच बातमी खडूने लिहीत होता. ट्राम बंद, बस बंद, नाक्यानाक्यावर दगडांचे ढीग. पाव तासात तिथे पोचायला माणसाला पंखच हवेत.

त्या फळ्यापाशी कांताकडेच राहणाऱ्या तिच्या थोरल्या भावाने, माधवने, त्याचा फोटो काढला होता. हातात खडू, मागे फळा, फळ्यावर वेळ. संध्याकाळी माधवने पेटीकॅमेऱ्यातून रोल काढला, सीलपट्टी चाटून चिकटवली आणि चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवून तो डबा कांताला दिला. "औषधं संपलीत. आली की धू. सातव्यात तुझा नवरा आहे," तो म्हणाला. मग हसला. "आणि आठव्यात एक गंमत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध आणायला खाली उतरला आणि नाक्यावरच्या गोळीबारात सापडला. घरी परत आली ती त्याची उजव्या पायाची चप्पल. तिचा अंगठा त्याने सुतळीने बांधलेला होता.

तेव्हा साक्षीला आता हा रोल तेवढा उरला होता, आणि तो धुवायची औषधं महिन्याने आज सकाळी हाती आली होती. वकिलांनी स्पष्टच सांगितलं होतं की समितीच्या माणसांनी समितीच्या माणसासाठी दिलेली साक्ष कोर्ट कानाआड करील. फोटो आणा, नाहीतर फाशीची तयारी ठेवा. शब्द इतके उघडे नव्हते, पण कांताला ऐकू आले ते असेच.

ती जमिनीवर बसली आणि एकेक पायरी आठवू लागली. खिडकीला दोन गोधड्या, दाराच्या फटीत जुनं लुगडं. काळामिट्ट अंधार. सीलपट्टी तिने दातांनी तोडली होती. त्या सवयीबद्दल माधव नेहमी तिच्यावर ओरडायचा. आज तोंड कडूजहर झालं होतं, ते अजून गेलं नव्हतं. मग पाठीचा कागद उलगडत गेली, बोटाला चिकटपट्टी लागली, ती सोडवली, फिल्म सुटी केली. दोन टोकं दोन हातांत धरून चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या ताटातून झोका दिल्यासारखी खालीवर केली. वेळ मोजायला माधवने शिकवल्याप्रमाणे दोनापासून सोळापर्यंतचे पाढे म्हटले. मग पाणी, मग उमटलेलं पक्कं करणारा हायपो. कुठे चुकलं?

दाराबाहेरून सासूचा आवाज आला. सुंदराबाई सकाळपासून गॅलरीत बसून होती. "कांता, इलो काय गो माझो झील फोटोत?"

कांताने तोंडात पदर कोंबला.

२

रडण्याचा आवाज ऐकून मोठा दीर कोंडीराम आत आला. तो रात्रपाळी करून आला होता. त्याने फिल्मकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मी सांगत होतो, ही बला गटारात टाक म्हणून! पोलीस घरं झडतायत. आता काय दाखवशील कोर्टाला? काच?"

"भाऊजी, माझं काही चुकलं नाही हो."

"मग कोणाचं चुकलं? मेलेल्या माणसाचं?"

कांताने ओली फिल्म स्वच्छ पंच्यात गुंडाळली, पायांत चपला सरकवल्या आणि ती परळला पोयबावडीकडे धावत सुटली. तिथे बुधाजीमामा राहत होते.

बुधाजींनी गिरगावातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये तीस वर्षं काढली होती. माधव त्यांच्याच हाताखाली शिकला आणि माधवकडून कांता. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने बुधाजींचे दोन्ही डोळे गेले. "आयुष्यभर अंधारात काम केलं, देवाला वाटलं आवडतं वाटतं याला," असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि रोज सकाळी चाचपडत ते तिला हार घालत.

कांताने हमसून हमसून सगळं सांगितलं. बुधाजींनी तिला पोटभर रडू दिलं, मग पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"आता मी विचारीन तेवढंच सांग. फिल्म काळी आहे की कोरी?"

"कोरी."

"म्हणजे उजेड लागलेला नाही. उजेड लागता तर कोळशासारखी झाली असती. आता काठ बघ. काठावर बारीक अक्षरं, आकडे आहेत?"

कांताने फिल्म दाराच्या उजेडात धरली. "आहेत. काळे, स्वच्छ."

"ते कारखान्यातच उमटवलेले असतात आणि डेव्हलपर लागल्यावर दिसतात. तू चुकून आधी हायपोत बुडवली असतीस, तर तेही गेले असते. तुझी ताटं बरोबर, औषध बरोबर, पाढेही बरोबर. पोरी, तू काही बिघडवलेलं नाहीस."

गेल्या तासाभरात कांताच्या छातीवर बसलेला धोंडा जरासा हलला, पण उठला नाही. "मग दादाचंच चुकलं? फोटो उठलेच नाहीत?"

"माधवचे?" बुधाजी रागावले. "डोळे झाकून काढायचा तो!" मग ते पुढे वाकले. त्यांचा आवाज बदलला. "नीट आठव. कागद उलगडताना अंधारात आधी काय लागलं? फिल्मचं सुटं टोक, की चिकटपट्टी?"

"चिकटपट्टी. लगेच लागली. मी आधी ती सोडवली आणि मग फिल्म."

"रोज काय लागतं?"

तिची बोटं मांडीवर आपोआप हलू लागली, हवेतला कागद उलगडू लागली. रोज आधी सुटं टोक लागायचं. चिकटपट्टी शेवटी यायची, सगळी फिल्म हातात आल्यावर.

"फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते," बुधाजी सावकाश म्हणाले. "नव्या रोलात ते टोक बाहेरच्या बाजूला. कॅमेऱ्यातून रोल फिरला की गुंडाळी उलटते, चिकटलेलं टोक आत जातं आणि सुटं बाहेर येतं. तुझ्या बोटांना आधी चिकटपट्टी लागली. म्हणजे हा रोल माधवच्या कॅमेऱ्यात कधी गेलाच नव्हता."

३

"बदलला?" कांताने विचारलं. "कोणी?"

"ज्याला फोटो नको होते त्याने. आणि त्याने कधी कॅमेऱ्यात रोल भरलेला नाही. नाहीतर नवा रोल कॅमेऱ्यातून फिरवून मग ठेवला असता, आणि मलाही कळलं नसतं. सीलपट्टी होती का त्याच्यावर?"

"होती. इंग्रजीत छापलेली, नेहमीचीच. दातांनी तोडली. कडू लागली, मामा. जीभ आखडली."

बुधाजी एकदम उभे राहिले आणि काठी शोधू लागले. "चल. ती पट्टी केरात जायच्या आत चल."

कांताच्या लालबागच्या चाळीत बुधाजी याआधी माधवसोबत दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा सुंदराबाईने त्यांना गॅलरीतच बसवून घेतलं होतं. आज तिने काही न बोलता आत पाट मांडला. मुलाच्या जिवापुढे तिचे बाकीचे विचार कुठल्या कुठे गेले होते.

सीलपट्टीचे दोन तुकडे ताटाखाली सापडले. बुधाजींनी ते नाकाशी नेले, बोटांत चुरले.

"रंग कसला आहे मागे?"

"निळसर डाग आहे," कांता म्हणाली.

"ही पट्टी दुसऱ्या रोलावरून ओली करून काढलीय आणि खळीने इथे चिकटवलीय. डब्यात आणखी काय होतं?"

"एक नवा रोल होता, चांदीच्या कागदात. आज दिसला नाही. मला वाटलं, दादाने दुसऱ्या दिवशी नेला असेल."

"कॅमेरा नेला होता?"

कांताने खुंटीकडे पाहिलं. कॅमेरा महिनाभर तिथेच लटकत होता. दूध आणायला जाताना माणूस कॅमेरा कशाला नेईल, आणि कॅमेऱ्यावाचून रोल कशाला? तिला स्वतःचाच राग आला.

"डब्याला हात कोणाकोणाचा लागला?" बुधाजींनी सुंदराबाईला विचारलं.

"माका काय इचारतास? मी देवाच्या फळीवर ठेवलंय. रोज नमस्कार करतंय. ह्या कोंडीरामान मात्र एकदा काढलेलो."

कोंडीराम खाटेवरून उठला. "हो, काढला होता. समुद्रात टाकणार होतो. आईने हातातून ओढून घेतला, विचारा तिला."

"किती वेळ होता तुमच्याकडे?"

"संध्याकाळपर्यंत. धीर झाला नाही टाकायचा."

"काम कुठल्या खात्यात?"

"सायझिंगला. सुताला खळ लावतो. का?"

कांताने कोंडीरामच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना, बोटांच्या पेरांवर पांढुरकी खळ वाळलेली होती. ती रोजच असे. आजपर्यंत तिने तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

"तुम्ही!" ती किंचाळली. "सख्खा भाऊ ना तुमचा!"

४

"थांब पोरी," बुधाजी म्हणाले. "त्यांचा हात दे इकडे."

कोंडीरामने संतापाने हात पुढे केला. बुधाजींनी त्याची बोटं चोळली, हुंगली आणि हात सोडून दिला.

"यात चरबी आहे. सूत मऊ राहावं म्हणून गिरणीच्या खळीत चरबी घालतात. तिने कागद धरत नाही, लावून बघा, दोन दिवसांत सुटेल. आणि ती खाऊन जीभ ओशट होईल, कडू नाही. मला क्षमा करा, कोंडीरामभाऊ."

कोंडीराम, एवढा दांडगा माणूस, पोरासारखा रडायला लागला. "मला भीती वाटली होती हो. मी भित्रा आहे. पण एवढा हलकट नाही."

कांताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला. बाहेर चारचा भोंगा वाजला. कोर्टाला एकोणीस तास उरले.

"कडू खळ कुठली असते, कांता?" बुधाजींनी हळूच विचारलं. "निळी झाक असलेली?"

उत्तर तिला माहीत होतं. ते तिला नको होतं, म्हणून ती भिंतीकडे बघत राहिली. गणपत रात्री घरी यायचा तेव्हा त्याच्या हातांना तोच वास असायचा. भिंतीवरची पोस्टरं गाई चाटून खातात, म्हणून समितीच्या खळीत मोरचूद घालत. ती खळ प्रभादेवीला, समितीचं काम करणाऱ्या शामरावगुरुजींच्या खोलीत शिजायची.

"गुरुजी?" ती म्हणाली. "मामा, दादाला खांदा द्यायला पहिले तेच पुढे झाले होते."

"डबा त्यांच्याकडे कधी गेला होता का?"

सुंदराबाईच्या लक्षात आलं. "ग्येलो होतो! गिरगावात धुऊन आणतंय म्हणान न्हेलो. दुसऱ्या दिसा परत इलो. म्हणाले, दुकानवालो अशा भानगडीत पडणा नाय."

कांताला आता वकिलांची खोली आठवली. वकील म्हणाले होते, नुसता फोटो चालणार नाही, मूळ फिल्मही आणा, सरकारी बाजू ती मागेल. तिच्या शेजारी बसलेल्या गुरुजींनी तेव्हा चष्मा पुसत विचारलं होतं, "सगळीच्या सगळी फिल्म द्यावी लागेल?" वकील दुसऱ्या कागदात डोकं घालून नुसतं "हूं" म्हणाले होते.

तिला वाटलं होतं, गुरुजी तिच्याचसाठी विचारतायत.

५

प्रभादेवीच्या बोळात शामरावगुरुजींची एक खोली होती. चाळिशी उलटलेले, खादीचा सदरा, शाळामास्तरचा खणखणीत आवाज. दारात कांता आणि बुधाजी दिसताच तो आवाज कुठे गेला कोण जाणे. कोपऱ्यातल्या पातेल्यात निळसर खळ होती. कांता सरळ तिच्यापाशी गेली, तिने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"हीच," ती म्हणाली.

गुरुजींनी एकदाही नाही म्हटलं नाही. ते खाली बसले.

"पहिले सहा फोटो याच बोळाच्या तोंडाशी काढलेले आहेत. बावीस पोरं आहेत त्यांत. हातांत दगड, तोंडं सताड उघडी, एकेक ओळखू येईल असं. मीच माधवला म्हणालो, काढ, उद्या पोरांना दाखवू. माझ्या वर्गातली पोरं आहेत ती, कांताबाई. वकील म्हणाले सगळी फिल्म द्यावी लागेल. एका गणपतला सोडवायला बावीस जण आत घालायचे? मी चार रात्री झोपलो नाही."

"आणि आमच्या ह्यांना फासावर जाऊ द्यायचं?"

"मी साक्ष देणार होतो. ओरडून ओरडून सांगणार होतो."

"तुमची साक्ष कोण मानणार! मला सांगायचंत ना!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

कांताने त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं. "बावीसच्या बावीस दिले असते," ती म्हणाली. "माझा नवरा परत येणार असेल तर मी पन्नास दिले असते."

मग बुधाजींनी घसा खाकरला.

"गुरुजी, धुतलेली फिल्म कधी पाहिलीय का?"

"नाही. स्टुडिओतून फोटोच येतात पाकिटात."

"ती कापतात. कात्रीने. प्रत्येक फोटो निराळा. कोर्टाला सातवा द्यायचा, बाकीच्यांचं काय ते आपल्या हातात. वकिलाला हवी होती ती त्या एका फोटोची फिल्म."

गुरुजींचं तोंड उघडं पडलं. आयुष्यभर हजेरीपट सांभाळलेला माणूस. त्यातलं एक पान फाडणं म्हणजे गुन्हा, आणि रोलही तसाच एकसंध सरकारजमा होणार, असं तो धरून बसला होता. पाच मिनिटं चौकशी केली असती तर हे काहीच घडलं नसतं. पण चौकशी करायची म्हणजे कोणाला तरी सांगायचं, आणि तेच त्याला नको होतं.

"रोल कुठे आहे?" कांता पुढे झाली. "उजेडात उलगडलात? जाळलात?"

"माधवच्या हातचं शेवटचं काम कसं जाळीन मी? राज्य मिळालं की खटले मागे घेतील, तेव्हा परत देणार होतो." त्यांनी फळीवरून खडूंची लाकडी पेटी काढली. खडूंमध्ये पांढऱ्या भुकटीने माखलेला रोल पडला होता. बुधाजींनी तो मुठीत घेतला मात्र, त्यांचा चेहरा पडला.

"हा सैल झालाय. सीलपट्टी काढल्यावर काही बांधलं नाहीत?"

"नाही."

"पेटी कितीदा उघडता?"

"रोज," गुरुजी म्हणाले. त्यांना आता कळू लागलं होतं. "शाळेत जाताना. खडू घ्यायला."

"वापरलेल्या रोलात बाहेरचा घेर शेवटच्या फोटोंचा असतो," बुधाजी म्हणाले. "सातवा आणि आठवा."

६

बुधाजींच्या खोलीला खिडकीच नव्हती. दाराला दोन घोंगड्या लावल्या, ताटं मांडली. गुरुजी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे राहिले. कांताने त्यांना चालतं व्हायला सांगितलं होतं, पण ते गेले नाहीत आणि तिच्यातही भांडायची ताकद नव्हती.

अंधारात तिने कागद उलगडायला घेतला. पहिल्यांदा बोटाला लागलं ते फिल्मचं सुटं टोक.

"सुटं टोक," ती म्हणाली. मग आठ फोटोंची सगळी लांबी हाताखालून गेली आणि शेवटी चिकटपट्टी आली. हा दादाचा रोल होता. दादाने तो स्वतःच्या बोटांनी फिरवला होता.

फिल्म डेव्हलपरमध्ये शिरली. बे एके बे, बे दुणे चार. कांताचे हात खालीवर होत राहिले. पाच झाले, सात झाले, दहा झाले. तेराच्या पाढ्याला तिचा आवाज अडकला. तेरा चोक... तेरा चोक... तिला गणपतची मान दिसली आणि पुढचं काही सुचेना.

"तेरा चोक बावन्न," कोपऱ्यातून आवाज आला. "तेरा पाचे पासष्ट." गुरुजी वर्गात म्हणतात तसे एका लयीत म्हणत होते. सोळापर्यंत त्यांनीच म्हटलं. कांताने त्यांना थांबवलं नाही.

पाणी. हायपो. बुधाजींनी मनाशी मोजून सांगितलं, "काढ घोंगडी."

बाहेर अजून थोडा संधिप्रकाश होता. कांताने फिल्म धरली. एक ते सहा ठणठणीत. उघडी तोंडं, उगारलेले हात, सगळे बावीस. सातव्याच्या दोन्ही कडांतून काळा धूर आत शिरल्यासारखा दिसत होता. आणि मधोमध, धूर पोचला नव्हता तिथे, गणपत उभा होता. निगेटिव्हमध्ये काळा फळा पांढरा दिसतो आणि पांढरा खडू काळा. त्यामुळे पुस्तकातल्यासारखं वाचता येत होतं.

"वाच," बुधाजी म्हणाले.

"दुपारी चार वाजता. टेलिफोनवरून. लालबागची वखार पेटली..." पुढचं तिला वाचवेना. "आहेत, मामा. हे आहेत. हातात खडू आहे."

बुधाजींनी डोळे पुसले. डोळे नसले तरी पाणी येतंच.

"आणि आठवा?"

आठव्याचा वरचा अर्धा भाग काळाकुट्ट होता. सगळ्यात बाहेरचा घेर तोच, रोजच्या खडूबरोबर थोडाथोडा उजेड त्याने खाल्ला होता. छातीपासून वर काही नाही. खाली मात्र फळ्याचा पाय होता, फरसबंदी होती, आणि माणसाचे दोन पाय. कोणाचे ते कांताला कळेना. मग तिने फिल्म अगदी डोळ्यांजवळ नेली. उजव्या चपलेचा अंगठा सुतळीने बांधलेला होता.

आठव्यात गंमत होती ती ही. जन्मभर लोकांचे फोटो काढणाऱ्या माधवचा स्वतःचा असा एकही फोटो घरात नव्हता. त्या दिवशी गणपतने कॅमेरा त्याच्या हातातून घेतला असणार आणि म्हटलं असणार, आता तुम्ही उभे राहा.

"काय आहे गं?" बुधाजींनी विचारलं. गुरुजींनी मागून पाहिलं. त्यांना सुतळी कळली. तिरडीशेजारी ती एकटी चप्पल त्यांनीच उचलून कांताकडे दिली होती. ते तिथेच खाली बसले.

फिल्म धुऊन वाळल्यावर कांताने कात्री घेतली. सातवा कापून पुस्तकात ठेवला. पहिल्या सहांची पट्टी गुरुजींच्या मांडीवर टाकली. "तुमची पोरं," ती म्हणाली. गुरुजींनी ती पट्टी काय केली, हे तिने पुढे कधी विचारलं नाही.

कोर्टाने फोटो पाहिला, फिल्म पाहिली, शपथेवर बोलणाऱ्या माणसाला दोन तास उलटसुलट विचारलं. दीड महिन्याने गणपत सुटून आला. दोन दिवस तो नुसता झोपून होता. तिसऱ्या दिवशी त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर आठवा फोटो कसा आला ते.

कांताने भिंतीकडे बोट केलं. तिने तो फोटो उठवून चौकटीत बसवला होता. निगेटिव्हमधला काळोख फोटोत पांढरा उतरला होता; वर नुसता कोरा कागद आणि खाली दोन पाय. दर महिन्याला, माधव गेला त्या तारखेला, शामरावगुरुजी प्रभादेवीहून चालत येत, कोणाशी न बोलता त्या चौकटीला हार घालत आणि तिच्याखाली डोकं टेकून जात. सुंदराबाई त्यांना चहा देई. ते आलेले कांताला आवडत नसे, आणि एखाद्या महिन्यात उशीर झाला तर ती गॅलरीत जाऊन वाट बघत असे.

नवं कोणी घरी आलं की विचारायचं, हा अर्धाच फोटो का लावलाय?

"थोरला भाऊ होता," कांता सांगायची. "पाया पडायला एवढा पुरतो."